एक बरणी गर

‘तरी मालनला यशवंताबरोबर पाठवून द्यावे,’ हे वाक्य मी माझ्याच तोंडाने माझ्याच सासूला वाचून दाखवलं. दुसरं कोण वाचणार? घरात माणसं दोन, आणि अक्षरओळख होती ती एकट्या मला. सातवी शिकलेली सून केली याचा आत्याबाईंना भारी अभिमान होता. त्या दिवशी तो थोडा उतरला असावा.

आमच्या साताऱ्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. त्या सोप्यात बसून शेंगा फोडत होत्या. हात काही थांबले नाहीत.

“फुडं वाच.”

“‘इथे क्वार्टर मिळाले आहे. खोली मोठी आहे, पुढे पडवी आहे, दारात नळ आहे.’”

“नळाचं कळलं. फुडं?”

“‘सगळ्यांनी प्रकृतीस जपावे.’ झालं.”

“सगळ्यांनी म्हंजे कुनी? घरात हाय कोन?” त्या म्हणाल्या आणि एक शेंग इतक्या जोरात फोडली की दाणा उडून उंबऱ्याबाहेर गेला.

समोर यशवंत बसला होता. शेजारच्या वाडीचा, ह्यांच्याच पलटणीतला. सुट्टीवर आला होता आणि येताना ह्यांचं पत्र आणि सफरचंदांची एक लाकडी पेटी घेऊन आला होता. ह्यांचं नाव हणमंत. तेव्हा उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही. आता साठी उलटली, घेते. कोण काय म्हणतंय बघू. ह्यांची सुट्टी ऐन वेळी रद्द झाली होती. माणूस यायचा तो आला नाही, पेटी तेवढी आली.

“काकू, मी बाराव्या दिवशी माघारी निघनार,” यशवंत म्हणाला. “शालन बी संगं हाय. वैनींना एकटीला जायचं न्हाई. आमच्याबरोबर आल्या तर हन्माला तेवढंच बरं वाटंल. दीड वरीस झालं त्येला घरचं तोंड बघून.”

“मग येऊन बघावं की,” आत्याबाई म्हणाल्या. “घर हितंच हाय. कुटं पळून गेलं न्हाई.”

मी माजघराच्या दाराआड जाऊन उभी राहिले. लग्नानंतर आम्ही बावीस दिवस एकत्र होतो. त्यातले चार देवदेवात गेले, तीन पाहुण्यांत, आणि एक दिवस ह्यांना ताप आला होता. उरलेल्या चौदा दिवसांवर मी दीड वर्ष काढलं होतं. ह्यांचा चेहराही आठवावा लागे. आवाज आठवायचा, हात आठवायचे, आणि चेहरा आठवायला गेलं की लग्नातला फोटो समोर यायचा, त्यात ते पाहुण्यांकडून उसना आणलेला कोट घालून घाबरून बसले होते. मला जायचं होतं. चालत सांगितलं असतं तरी गेले असते.

यशवंत गेल्यावर मी पेटीजवळ बसले. वर पत्र्याच्या पट्ट्या ठोकलेल्या, फटीतून पेंढा बाहेर आलेला.

“फोडू का, आत्याबाई?”

“हात लावू नगंस. हन्मा फोडंल.”

त्या घराची रीतच होती. फौजी घरी आला की दारात भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पायांवर पाणी घालायचं, आणि त्याने आणलेली ट्रंक, पिशवी, जे असेल ते त्यानेच देवापुढे उघडायचं. सासरे पलटणीत होते तेव्हापासून असं चाललेलं. सासरे पुढे चांगली दहा वर्षं पेन्शन घेऊन, घरच्या खाटेवर, सगळ्यांना नावं ठेवत गेले. तेव्हा रीतीत काही खोट होती असं कुणी म्हणणार नाही. पण नुसतीच पेटी आली आणि फौजी मागेच राहिला, तर काय करायचं, हे रीतीत कुठं सांगितलेलं नव्हतं.

“कागद घे. लिही,” आत्याबाई म्हणाल्या. “चिरंजीव हन्मास आईचा आशीर्वाद. पेटी पोचली. फोडली न्हाई. तुज्या हातानं फुटंल. लवकर ये, न्हाईतर फळाचा काय नेम न्हाई. मालनचं बघू.”

“‘मालनचं बघू’, एवढंच?”

“मग काय कवन रचतीस?”

मी पेन धरून बसले. त्यांना वाचता येत नव्हतं. ‘मालन येते आहे’ असं लिहायला कितीसा वेळ लागला असता? पण समोर बसलेल्या माणसाच्या नावाने खोटं लिहिणं मला जमलं नाही. ‘मालनचे बघू’ असंच लिहिलं. पोस्टाचा भरवसा नाही म्हणून हे पत्र यशवंताने जाताना न्यायचं होतं, आणि त्याच्याबरोबर मी नाही, माझ्या हातचा नकार जाणार होता.

तेव्हाच मला कळलं की त्या पेटीने आत्याबाई लेकाला बोलावत होत्या. आमची ओढाताण एकाच माणसासाठी चालली होती. त्यांना वाटे त्याने यावं, मला वाटे मी जावं, आणि ज्याच्यासाठी हे चाललं होतं त्याला तिकडे पत्ताही नव्हता.

फळ टिकायला पाहिजे म्हणून आम्ही पेटीला जागा दिली ती चुलीच्या मागच्या बाजूला, धान्याच्या कणगीवर. वरून आत्याबाईंनी दोन पोती टाकली. आमच्या गावात कुणी सफरचंद झाडाला लागलेलं पाहिलेलं नव्हतं. फळ म्हणजे आंबा. आंबा पेंढ्यात घालून उबेला ठेवायचा, अढी घालायची, हे शेंबडं पोर सांगेल. आंब्याला जे मानवतं ते सफरचंदाला का मानवू नये? आम्ही दोघींनी मिळून त्या गरीब फळांची मन लावून अढी घातली.

चौथ्या दिवशी वास सुटला. मी माजघरातच झोपायचे. इतका गोड वास, की झोप येईना. मी उठून पोतं बाजूला करायचे आणि फटीला नाक लावून बसायचे. ह्यांच्या हाताने ह्या पट्ट्या ठोकल्या असतील, हा पेंढा त्यांनी दाबला असेल. सांगायला लाज वाटते, पण एका खिळ्यावर मी गाल टेकवला होता. सकाळी गालावर वण बघून आत्याबाई म्हणाल्या, “डास लई झाल्यात.”

सहाव्या दिवशी शालन आली. यशवंताची बायको, माझ्याच वयाची, पण दोन वर्षं क्वार्टरमध्ये राहिलेली, त्यामुळे बोलणं जरा मोठं झालेलं. तिने आत पाऊल टाकल्या टाकल्या नाक मुरडलं.

“काकू, पेटी चुलीशी ठेवलीय? तिकडं गारठ्यात ठेवत्यात. नासली असतील आतली.”

“न्हाई नासत. पोराच्या हातची हायत.”

“पोराच्या हातची असली तरी मधी तीन दिवस आमचं हे बसलं होतं तिच्यावर.” शालन तोंडाला पदर लावून हसली. “गाडीत जागा न्हवती. पठानकोटपासून पुन्यापर्यंत पेटीवरच बसून आलं.”

यशवंत अंगाने चांगला भरलेला गडी होता. मी पोतं उचलून पेटीकडे बघितलं.

“आता काय करायचं गं, शालन?”

“नासकं काडून टाकायचं, चांगलं शिजवायचं. आमच्या तिकडं सुभेदाराच्या बाई करत्यात. सॉस म्हनत्यात त्येला. साल काडायची, बिया काडायच्या, उलिसं पानी, झाकन ठेवून शिजवायचं, मग घोटायचं. साखर, वरून दालचिनी. बाळांना भरवत्यात, आजारी मानसाला देत्यात, चपातीसंगं बी खात्यात.”

“फळ काय शिजवून खायची वस्तू हाय?” आत्याबाई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, शेंगांचं सूप झटकता झटकता, “तिकडं थंडी लई का गं?”

“लई. पानी बर्फ व्हतं.”

“मग लुगडं नेसून बायका कशा निभवत्यात?”

“आतून लोकरीचं घालायचं. मिळतं तिथं.”

“चूल हाय का श्टो?”

“चूल बी मांडता येती, पडवीत. लाकडं मुबलक.”

“देऊळ-बिऊळ?”

“हाय की. मारुतीचंच हाय.”

मला वाटलं, म्हातारी नकाराला कारणं गोळा करतेय. थंडी आहे, स्टो आहे, देऊळ लांब आहे, म्हणून मालन नको. शालनची उत्तरं सगळी चांगली निघाली, म्हणून मी मनातल्या मनात खूश झाले.

आठव्या दिवशी कणगीवर मुंग्यांची रांग लागली. आत्याबाईंनी हळदीची रेघ ओढली. नवव्या दिवशी चिलटं आली. आत्याबाईंनी आणखी एक पोतं टाकलं. दहाव्या दिवशी पेटीखालून चिकट रस ओघळला आणि आत्याबाईंनी तो फडक्याने पुसला, माझ्याकडे न बघता. मग म्हणाल्या, “मी खालच्या शेतात जाती. चुलत्यांच्या शेंगा काडायच्या हायत. सांजच्याला यीन.”

त्या गेल्या. मी विळा घेतला आणि पत्र्याच्या पट्ट्या उचकटल्या.

वरचा थर कागदात गुंडाळलेला होता, हिंदी वर्तमानपत्राच्या. एकेक कागद सोडवत गेले. पहिलं हातात घेतलं तर बोटं आत गेली. दुसरं तसंच. खाली खाली तर नुसता लगदा. मी तिथेच बसून रडले. फळांसाठी रडले म्हटलं तर कोण विश्वास ठेवेल? ह्या माणसाने एकेक फळ कागदात गुंडाळलं होतं. बाजारातल्या पेट्यांत पेंढ्याचा थर देतात, फळ सुटंच असतं. ह्यांनी प्रत्येकाला वेगळा कागद दिला होता, आणि आम्ही त्याची माती केली होती.

मग डोळे पुसले आणि निवडायला बसले. दोन वाटे गेले, एक वाटा अर्धामुर्धा बरा होता. नासकं चुलत दिरांच्या शेळ्यांना टाकलं. बाकीच्यांची विळीवर सालं काढली, डाग कोरून टाकले, बिया काढल्या. चिरून ठेवलेल्या फोडी बघता बघता तांबूस पडायला लागल्या, तशी माझी गडबड उडाली. हाताला लागलं ते पितळी पातेलं चुलीवर ठेवलं, तांब्याभर पाणी घातलं आणि फोडी टाकल्या. झाकण ठेवलं.

घरभर असा वास पसरला की शेजारची बाई कुंपणावरून विचारून गेली, “मालन, सण हाय का काय?”

फोडी मऊ पडून फुगल्या, फुटल्या, कडेने बुडबुडे यायला लागले. मी डावाने ढवळत होते तेवढ्यात दारात आत्याबाई. शेंगांचं ओझं डोक्यावर, पाय मातीने भरलेले. सांजेला यायच्या त्या तिसऱ्या प्रहरी आल्या.

त्यांनी फोडलेली पेटी बघितली. कागदांचा ढीग बघितला. मी आता तोंड उघडणार, तेवढ्यात त्या ओरडल्या, “पातेल्याला कल्हई हाय का?”

“आं?”

“आंबट फळ न्हवं ते? कल्हई गेलेल्या पितळंत शिजवतीस? इख करतीस का त्येचं? काड! मडकं आन!”

ओझं तिथेच टाकून त्या चुलीशी बसल्या. आम्ही दोघींनी मिळून सगळं मडक्यात ओतलं. त्यांनी जाळ कमी केला, डाव माझ्या हातातून काढून घेतला.

“असं ढवळत्यात व्हय? तळाला धर. पुरन कधी केलं न्हाईस का?”

“पुरण तुम्हीच करू देत नाही.”

“मग आता बघ.”

शिजलं तसं त्यांनी पुरणाची चाळण मागितली. शालनने घोटायला सांगितलं होतं, पण आत्याबाईंना गुठळी चालणारी नव्हती. वाटीच्या बुडाने त्या फोडी चाळणीवर दाबत राहिल्या आणि खालच्या परातीत पिवळसर, मऊ गर उतरत राहिला. मी थोडा थोडा गूळ घालत होते. साखर घरात नव्हती. दालचिनी मात्र मसाल्याच्या डब्यात निघाली.

परात अर्धी भरली. मग त्यांनी विचारलं, “किती नासली?”

“दोन वाटे.”

“माज्यापायी.”

“अहो, यशवंतभाऊजी बसले होते वरती...”

“त्यो तीन दिवस बसला. मी धा दिवस बसली.” त्यांनी चाळण आपटून झटकली. “मला म्हाईत व्हतं गं. आठव्या दिवशीच म्हाईत व्हतं. मला वाटलं, पेटी बंद हाय तवर त्यो यायचा हाय.”

मला त्यांचा इतका राग आला होता दहा दिवस, आणि आता बघते तर आम्ही दोघी एकाच रोगाने आजारी होतो. त्यांना तर माझ्याहून जास्त वर्षं झाली होती. आधी नवरा पलटणीत, मग लेक पलटणीत. त्यांचं सगळं आयुष्य पोस्टमनच्या तोंडाकडे बघण्यात गेलं होतं.

त्यांनी बोटाने थोडा गर घेतला, जिभेवर ठेवला. डोळे मिटले.

“कसं झालंय?”

“बाळाला भरवायचं अन्न हाय हे,” त्या म्हणाल्या. मग हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाल्या, “ते पत्र आन.”

मी पत्र आणून दिलं. त्यांनी ते चुलीत सारलं.

“जा तू. वाट बघत ठिवलं की अशी गत व्हती. तिकडं जा, नीट ऱ्हा. परवाच्याला निघ.”

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. मला हसूही येत होतं आणि रडूही. उठले ती थेट ट्रंक भरायला गेले. कोणती पातळं घ्यायची, काचेच्या बांगड्या घ्यायच्या की नको, याचाच विचार. आत्याबाई मागून काहीतरी विचारत होत्या, “मालन, तिकडं खोली मोठी हाय असं लिवलंय न्हवं?” मी म्हटलं, “हो हो, मोठी आहे,” आणि पातळांच्या घड्या मोडत राहिले.

बाराव्या दिवशी सकाळी एसटी स्टँडवर आलो. यशवंत, शालन, मी, आणि पोचवायला आत्याबाई. मी गाडीत बसले तशी एक चिनी मातीची बरणी फडक्याने बांधून आत्याबाईंनी खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवली. “हन्माला दे. म्हनावं, आईनं ढवळलंय.” त्या दिवशी त्या ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसल्या होत्या. सुनेला वाटेला लावायला आल्यात, म्हणून असेल. काखेत एक गाठोडं होतं. मला वाटलं, वाटेच्या भाकरी असतील. खिडकीतून हात बाहेर काढला, “द्या की ते.”

“ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या आणि गाठोडं काखेत आणखी घट्ट धरलं.

“भाकरी नाहीत होय त्यात?”

“भाकरी शालनकडं हायत. हे माजं हाय.”

एसटी सुटली. त्या बाजूने चार पावलं चालल्या, थांबल्या. मी हात हलवला. खरं सांगते, कोपऱ्यावर गाडी वळायच्या आत माझं मन पुढे पळालं होतं. मागे वळून नीट बघितलंही नाही.

तीन दिवसांनी पठाणकोटच्या वर, डोंगरातल्या छावणीत पोचलो. हे दारात उभे होते. चेहरा बघितला तेव्हा वाटलं, अरे, हाच तर होता, कसा विसरले होते! त्यांनी माझ्या हातातली बरणी घेतली, ट्रंक घेतली. मग माझ्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे बघितलं. जरा वेळ बघतच राहिले.

“आई मागं राहिली का?”

“म्हणजे?”

“आली न्हाई ती?”

मी आत बघितलं. खोली खरंच मोठी होती. मधोमध पोत्यांचा पडदा लावला होता. अलीकडे दोघांचं अंथरूण. पलीकडे एक खाट, त्यावर नवं लोकरीचं ब्लँकेट, आणि खाटेखाली छोटी शेगडी, म्हाताऱ्या माणसाच्या पायाला ऊब मिळावी म्हणून ठेवतात तशी.

“तुम्ही पत्रात तर मला एकटीलाच...”

“तिला लिहून बोलावलं तर ती येईल व्हय? ‘मी कशाला’ म्हनंल. मला वाटलं, तू निघालीस की तुझ्या मागं लागून येईल. तू म्हनशील, चला.”

मी बरणी जवळ घेऊन त्या खाटेवर बसले. थंडीला लुगडं कसं चालेल, चूल आहे का, देऊळ आहे का, खोली मोठी आहे ना. इतकं सगळं त्यांनी विचारलं होतं. आणि त्यांना मात्र, आत्याबाई, तुम्ही येता का, असं त्या बारा दिवसांत कोणीच विचारलं नव्हतं. स्टँडवर त्यांच्या काखेत काय होतं ते मला तिथे बसल्यावर समजलं. दुसरं लुगडं असेल, जपमाळ असेल, तंबाखूची डबी असेल. त्या ते घेऊन पाच मैल चालत परत गेल्या होत्या.

ह्यांनी बरणीत बोट घालून गर चाखला. “आईनंच ढवळलंय,” म्हणाले, आणि बाहेर पडवीत जाऊन उभे राहिले.

पुढच्या वर्षी सुट्टीला आलो तेव्हा आम्ही दोघांनी समोर बसून विचारलं. हातापाया पडून विचारलं. आत्याबाई हसल्या, माझ्या गालावरून हात फिरवला.

“आता कुटं गं? म्हस घेतलीया,” त्या म्हणाल्या. “तिला कोन बघंल?”